लेकरांसह स्वस्त विमानतिकीट कसं निवडायचं: खान्देशातून पहिल्यांदा उडणाऱ्यांसाठी

विमानकंपन्यांची सर्वांत स्वस्त भाडी एकट्या प्रवाशाच्या हिशेबाने ठरलेली असतात. पाठीवर एक बॅग, पहाटेचं विमान, मिळेल ती सीट, असा माणूस त्या भाड्यात खरंच स्वस्तात जातो. कडेवर एक, बोटाला एक आणि सोबत दोन मोठ्या बॅगा असल्या की हिशेब बदलतो. म्हणून माणशी भाडं बघू नका. घरच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत सगळ्या कुटुंबाची मिळून बेरीज बघा. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या, कारण पुढची पायरी आधीच्या उत्तरावर अवलंबून आहे.

पायरी १: मुलांची वयं प्रवासाच्या तारखेला मोजा

रेल्वेत ५ वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही, आणि ५ ते १२ मधल्या मुलाला बर्थ न घेता अर्धं तिकीट चालतं. एसटीतही अर्धं तिकीट सवयीचं आहे. स्वस्त विमानकंपन्यांत अर्धं तिकीट धरूनच चालू नका. इथे दोनच गट कामाचे आहेत. २ वर्षं पूर्ण न झालेलं बाळ मांडीवर बसतं आणि त्याच्यासाठी एक ठरावीक रक्कम भरावी लागते. २ वर्षं पूर्ण झाली की त्याला स्वतःची सीट लागते, आणि भाडं साधारण मोठ्या माणसाइतकंच पडतं. साइटवर २ ते १२ वयाचा वेगळा रकाना दिसतो, त्यामुळे सवलत असेल असं वाटतं. तो रकाना मुख्यतः सीट देण्याच्या नियमांसाठी असतो.

वय मोजायचं ते विमान उडण्याच्या दिवशी, बुकिंगच्या दिवशी नाही. नवख्यांची सर्वांत महागडी चूक इथेच होते. जाताना बाळ २३ महिन्यांचं आणि परत येताना २ वर्षं पूर्ण, तर परतीला त्याला पूर्ण सीट घ्यावी लागते. हे चेक-इन काउंटरवर कळलं तर त्या दिवसाच्या दराने तिकीट काढावं लागतं, आणि विमान भरलेलं असेल तर तेही मिळत नाही. दुसरा वाढदिवस प्रवासाच्या मध्ये येत असेल तर जाण्याचं आणि येण्याचं तिकीट वेगवेगळं काढा. जाताना बाळ म्हणून, येताना मूल म्हणून.

मांडीवरच्या बाळाची रक्कम दर फेरीला लागते आणि ती ठरावीक असते, मूळ भाडं कमी झालं म्हणून ती कमी होत नाही. त्यामुळे सेलच्या दिवसांत ती रक्कम आणि आख्ख्या सीटचं भाडं यांत फारसा फरक उरत नाही. दीड वर्षाचं, एका जागी न बसणारं लेकरू असेल आणि फरक हजाराच्या आत असेल, तर सीट घेणं शहाणपणाचं. सीटसोबत चेक-इन सामानाचं, म्हणजे काउंटरवर जमा करायच्या मोठ्या बॅगेचं, वजनही मिळतं, मांडीवरच्या बाळाला ते बहुतेक ठिकाणी मिळत नाही. मात्र सीट काढण्याआधी कंपनीच्या कॉल सेंटरला विचारा. इतक्या लहान मुलाला वेगळं बसवायला काही ठिकाणी मान्यताप्राप्त बाळखुर्ची लागते.

एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ चालतं. जुळी बाळं घेऊन आई एकटीच निघाली असेल तर दोघांना मांडीवर घेता येणार नाही. तसंच दोन जावा आपापली तान्ही बाळं घेऊन एकाच रांगेत शेजारी-शेजारी बसायचं म्हणतील तर बहुधा नकार मिळतो. तीन सीटच्या गटाला ऑक्सिजनचे मास्क साधारणपणे चार असतात, म्हणून एका गटात एकच बाळ बसवतात.

वयाचा पुरावा घ्या: जन्मदाखला, पासपोर्ट किंवा निळं बालआधार. आईवडिलांसोबतच्या लहान मुलाकडे वेगळं ओळखपत्र असलंच पाहिजे असं नाही, पण बाळ २ वर्षांखालचं आहे याचा पुरावा कंपनी मागते.

पायरी २: कोणत्या विमानतळावरून जायचं ते ठरवा

आपल्याकडे हा प्रश्न तिकिटाच्या प्रकाराइतकाच पैशांचा आहे. मुंबईहून भाडं सहसा कमी असतं, कारण तिथे कंपन्या जास्त आणि विमानंही जास्त. पण मुंबई गाठायचा खर्च माणशी नसून कुटुंबाचा असतो.

धुळे, शिंदखेडा, साक्री भागाला नाशिकचं ओझर जवळचं. मालेगाव, चांदवड, पिंपळगाव बसवंत करत आलं की ते नाशिक शहराच्या आधीच लागतं, शहरात शिरायची गरज नाही. टर्मिनल हमरस्त्यावर नसून आत जानोरीच्या बाजूला आहे, गाडीवाल्याला आधीच सांगा. नंदुरबार आणि नवापूरच्या लोकांनी सुरत बघितल्याशिवाय मुंबईचं तिकीट काढू नये. ताप्ती लाइनच्या गाडीने सुरत काही तासांत येतं, आणि विमानतळ तिथून डुमसच्या बाजूला आहे. शिरपूर, शहाद्याकडून सेंधव्यामार्गे इंदूर जमतं. जळगाव, जामनेर, पाचोऱ्याहून छत्रपती संभाजीनगर रस्त्याने साधारण चार तास धरा. चाळीसगावहून ते आणखी जवळ आहे, पण औट्रम घाटात पावसाळ्यात खोळंबा होतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये दोन तास जादा हाताशी ठेवा.

आणि जळगावचा स्वतःचा विमानतळ. इथली सेवा उडान या, लहान शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेतून उभी राहिली. २०१७ च्या डिसेंबरमध्ये पहिली सेवा सुरू झाली, नंतर ती अनेकदा बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली. २०२४ पासून फ्लाय ९१ आणि अलायन्स एअरची छोटी एटीआर विमानं इथून उडू लागली. उडानमध्ये विमानातल्या काही सीटचंच भाडं कमाल मर्यादेने बांधलेलं असतं. त्या सीट आधी संपतात, उरलेल्या बाजारभावाने जातात. चार सीट एकदम हव्या असतील तर इथे लवकर बुकिंग करण्याचा फायदा मोठ्या विमानतळापेक्षा जास्त मिळतो. त्या आठवड्यात कोणता मार्ग कोणत्या वारी चालू आहे ते कंपनीच्या साइटवर तपासा. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

मुंबई नक्की झाली तर तिकिटावरचा विमानतळ नीट वाचा. छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचा कोड बीओएम, तिथे टी-१ आणि टी-२ ही टर्मिनल वेगळ्या ठिकाणी आहेत. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, त्याचा कोड एनएमआय. शोधात दोन्ही "मुंबई" म्हणूनच येतात. भुसावळ-जळगावकडून गाडीने येणाऱ्याने अंधेरीच्या बाजूला जायचं तर ठाणे किंवा दादर, आणि नवी मुंबईला जायचं तर कल्याण किंवा ठाण्याला उतरून पुढे रस्ता धरावा.

आता एक हिशेब. आकडे फक्त समजण्यासाठी धरले आहेत. धुळ्याचं जोडपं, ७ वर्षांची मुलगी, १४ महिन्यांचं बाळ, जायचंय बंगळुरूला. म्हणजे तीन सीट आणि एक बाळ. मुंबईहून भाडं ४,५००, ओझरहून ५,४००, बाळाचे १,८००. मुंबईचं तिकीट १५,३०० होतं, ओझरचं १८,०००. मुंबई २,७०० ने स्वस्त दिसते. त्यात गाडी धरा: मुंबईपर्यंत टोलसह ७,५००, ओझरपर्यंत ३,५००. मग मुंबई २२,८०० आणि ओझर २१,५००. शिवाय रस्त्यावरचे तीन-चार तास वाचले. हेच कुटुंब एसटी किंवा रेल्वेने मुंबईला दोन हजारांत पोहोचत असेल, तर बेरीज १७,३०० होते आणि मुंबई पुष्कळ स्वस्त पडते. म्हणजे निर्णय विमानाच्या भाड्यावर नाही, तुम्ही विमानतळापर्यंत कशाने जाणार यावर होतो. मोबाइलवर शोध सुरू करायच्या आधी हे दोन आकडे कागदावर लिहा.

पायरी ३: वेळ निवडा, आणि मगच भाडं

मुंबईहून पहाटे सहाचं विमान दुपारच्या विमानापेक्षा हजाराने स्वस्त दिसलं तर उलटं मोजत या. काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं, बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी. लेकरं आणि सामान घेऊन दोन तास आधी पोहोचायचं म्हणजे पहाटे चार. जळगावहून निघणाऱ्याला आदल्या दिवशी दुपारी-संध्याकाळीच गाडी धरावी लागते, आणि रात्र स्टेशनवर किंवा हॉटेलात काढावी लागते. हॉटेलचे पैसे धरले की ते विमान स्वस्त राहत नाही. रात्री अकराला उतरणाऱ्या विमानाचंही तसंच: परतीची गाडी असेल तरच घ्या.

खान्देशातून जाणाऱ्या कुटुंबाला दुपारी एक ते संध्याकाळी सहाच्या दरम्यानचं विमान बहुधा सोयीचं. रेल्वेने विमानतळ गाठणार असाल तर गाडी पोहोचण्याच्या वेळेनंतर किमान पाच तासांनी उडणारं विमान घ्या. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या धुक्यामुळे तासन्‌तास उशिरा धावतात, त्या दिवसांत शक्यतो भुसावळ किंवा जवळपासहून सुटणारी गाडी पकडा. पावसाळ्यात कसारा घाट धरून जादा वेळ ठेवा.

तारखांबद्दल थोडक्यात. दिवाळीआधी मुंबई-पुणे-बंगळुरूहून गावाकडे येणारी भाडी चढतात, उलट दिशेची त्यामानाने उतरलेली असतात. भाऊबिजेनंतरच्या रविवारी हेच उलटं होतं. आखाजीला माहेरी येणं आणि मे महिन्याच्या सुट्टीचं फिरणं एकाच हंगामात येतं, म्हणून ती तिकिटं परीक्षेचं वेळापत्रक हाती आलं की लगेच काढा. मंगळवार-बुधवार बहुधा शुक्रवार-रविवारपेक्षा स्वस्त असतात.

पायरी ४: शोध आधी एका माणसाचा, मग सगळ्यांचा घ्या

एका विमानात सगळ्या सीटचा एकच भाव नसतो. भाड्याचे थर असतात. सर्वांत खालच्या थरात समजा दोनच सीट उरल्या आहेत आणि तुम्ही चौघांसाठी शोध घेतला, तर बहुतेक साइट चौघांनाही वरच्या थराचा भाव दाखवतात. तपासायची रीत सोपी आहे. आधी १ प्रवासी टाका, भाडं लिहा. मग २, मग सगळे. माणशी भाडं मध्येच वाढलं तर खालच्या थरात तेवढ्याच सीट होत्या.

मग बुकिंग दोन भागांत करता येतं, पण एका अटीवर: प्रत्येक भागात, म्हणजे प्रत्येक पीएनआरवर, मुलाबरोबर एक मोठा माणूस असलाच पाहिजे. आईबरोबर बाळ, वडिलांबरोबर मुलगी. दोघं मोठे एका पीएनआरवर आणि मुलं दुसऱ्यावर असं कधीही करू नका. मुलाला तुमच्या शेजारी सीट मिळण्याचा हक्क (पायरी ६) जातो, आणि कित्येक साइट मुलाचं एकट्याचं बुकिंग घेतच नाहीत. फरक कुटुंबामागे पाचशेच्या आत असेल तर हा खटाटोप करू नये. विमान रद्द झालं किंवा तारीख बदलावी लागली तर दोन पीएनआर सांभाळणं अवघड जातं.

एका पीएनआरवर जास्तीत जास्त ९ जण येतात. त्याहून मोठा गोतावळा लग्नाला निघाला असेल तर कंपनीच्या ग्रुप बुकिंगचा भाव वेगळा मागवा.

पायरी ५: भाड्याचा प्रकार

पडद्यावर एकाच विमानाचे तीन-चार भाव दिसतात. नावं कंपनीगणिक वेगळी, पण आत बघायच्या गोष्टी त्याच: चेक-इन सामान किती, तारीख बदलायला किती कापणार, रद्द केल्यावर किती कापणार, सीट आणि खाणं धरलंय का.

सर्वांत खालचं भाडं काही ठिकाणी फक्त हातसामानाचं असतं. एअर इंडिया एक्स्प्रेसचं "एक्स्प्रेस लाइट" हे त्याचं उदाहरण. त्यात चेक-इन बॅग नसते, ती वेगळी विकत घ्यावी लागते. दोन दिवसांच्या कामाला निघालेल्या माणसाला ते उत्तम. लेकरांसह तीन-चार दिवसांच्यावर जाणाऱ्या कुटुंबाने ते टाळावं. वरच्याच उदाहरणात लाइट भाडं ३,९०० असेल तर तीन सीट आणि बाळ मिळून १३,५००. त्यात एका बॅगेचे दोन हजार घातले की १५,५०० होतात, म्हणजे तीन बॅगा मिळणाऱ्या साध्या भाड्यापेक्षा दोनशे जास्त. आणि बॅग मिळाली एकच.

दुसऱ्या टोकाला फ्लेक्सी प्रकारचं भाडं असतं. त्यात तारीख बदलणं स्वस्त किंवा मोफत, सीट आणि खाऊ धरलेला. सहा महिन्यांच्या बाळाला ऐनवेळी ताप येऊ शकतो, म्हणून अनेकांना ते घ्यावंसं वाटतं. माणशी जादा किती पडतं ते बघा, त्याला सीटच्या संख्येने गुणा, आणि साध्या भाड्यातल्या बदलाच्या दंडाशी ताडून पाहा. माणशी फरक पाचशे-सहाशेच्या आत असेल आणि मूल वर्षाच्या आतलं असेल तर घ्यावं, आमचं मत तरी तसंच आहे. एरवी साधं भाडं पुरतं.

पायरी ६: सीटचे पैसे भरण्याआधी थांबा

बुकिंगच्या मध्ये सीटचा नकाशा येतो, प्रत्येक सीटवर भाव लिहिलेला. तिथे नवा माणूस घाबरतो आणि तीन सीटचे हजार-बाराशे भरून टाकतो. त्याची बहुधा गरज नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला, त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी सीट द्यायची. म्हणून पीएनआर एक ठेवायचा हा आग्रह.

यात हमी आहे ती मुलाजवळ एका मोठ्या माणसाची. सगळं कुटुंब एका रांगेत बसेल, किंवा खिडकीच मिळेल, याची नाही. तेवढं हवंच असेल तर विकत घ्या. सीट, विमा, खाणं, लवकर बोर्डिंग हे सगळं तुम्ही स्वतः निवडलं तरच लागू व्हायला हवं. नकाशाच्या पानावर पुढे जाण्याचं, म्हणजे "स्किप"चं बटण लहान आणि कोपऱ्यात असतं, ते शोधा. मग वेब चेक-इन, म्हणजे कंपनीच्या साइटवरून सीट नक्की करून बोर्डिंग पास घेणं, सुरू होताच लगेच करा, तेव्हा मोफत सीट जास्त शिल्लक असतात. मूल एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला दिसलात तर काउंटरवर लवकर जाऊन सांगा, विमानात चढल्यावर नाही. आपत्कालीन दाराच्या रांगेत मुलांना बसू देत नाहीत, ती जागा रिकामी दिसली तरी विकत घेऊ नका.

पायरी ७: नावं आणि पैसे

नावं ओळखपत्रावर आहेत तशीच. पत्नीच्या आधारवर माहेरचं आडनाव असेल तर तिकिटावरही तेच. बाळाचं बारसं झालं, घरात एका नावाने हाक मारता आणि दाखल्यावर दुसरं आहे, तर दाखल्यावरचं टाका. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून काढलेल्या तिकिटातली नावाची चूक २४ तासांच्या आत सांगितली तर मोफत दुरुस्त होते. एजंट किंवा तिकीट विकणाऱ्या तिसऱ्या साइटवरून काढलं असेल तर ही सोय धरू नका.

भाव तपासायला तिसरी साइट चांगली, पैसे भरायला कंपनीची. "कन्व्हिनिअन्स फी", म्हणजे ऑनलाइन बुकिंगचं शुल्क, ही बहुधा प्रत्येक प्रवाशामागे, प्रत्येक फेरीला लागते, म्हणून चौघांच्या जाण्यायेण्यात ती हजाराच्या पुढे जाऊ शकते आणि तिकीट रद्द केलं तरी सहसा परत मिळत नाही. शेवटच्या पानावरची एकूण रक्कम बघूनच दोन साइटची तुलना करा.

जळगावहून एक विमान आणि पुढे दुसऱ्या कंपनीचं दुसरं, असं स्वतः जोडून तिकीट काढत असाल तर सावध राहा. दोन वेगळ्या पीएनआरमध्ये पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं गेलं, आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. लेकरांसह असं जोडायचंच असेल तर मध्ये एक रात्र ठेवा.

पायरी ८: सामान

बहुतेक देशांतर्गत साध्या भाड्यात माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातसामान असतं. एटीआरमध्ये वरचे कप्पे लहान असतात, तिथे हातसामानाची मर्यादा कमीही असू शकते. हातसामानाची बॅग साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरच्या आत ठेवा.

एका पीएनआरवरच्या लोकांचं वजन बहुधा एकत्र धरतात, पण नगांची संख्या तिकिटांइतकीच असते. तीन सीटला तीन नग. दादर ज्वारीचं पीठ, पापड, वेफर्सची बोचकी वेगवेगळी नेऊ नका, ती मोठ्या बॅगेत भरा. घरच्या काट्यावर मोजून निघा. विमानतळावर जादा वजनाला किलोमागे पाचशे-सहाशेचा दर लागू शकतो, पाच किलो जास्त झालं की सेलमध्ये वाचवलेलं सगळं तिथेच जातं. वजन वाढणार हे माहीत असेल तर आधी ऑनलाइन घ्या, तिथे दर कमी असतो.

खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेतही घालू नका. सुक्या खोबऱ्याला तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून मनाई आहे. लोणचं, ठेचा, तूप हातसामानात अडतं, नीट बंद करून मोठ्या बॅगेत ठेवा. पॉवर बँक मात्र हातसामानातच. बाळाचं दूध, गरम पाण्याचा थर्मास, मऊ भात प्रवासापुरता जवळ ठेवता येतो, तपासणीच्या वेळी स्वतःहून बाहेर काढून दाखवा. स्वस्त विमानात जेवण विकत असतं, म्हणून मुलांसाठी कोरडं खाणं आणि केळी सोबत असू द्या. बाबागाडी बहुतेक कंपन्या मोफत नेतात.

पायरी ९: तिकीट काढल्यानंतर

पहिले ४८ तास महत्त्वाचे. प्रवास ७ दिवसांहून पुढे असेल तर या वेळात तिकीट रद्द करायला किंवा बदलायला दंड लागत नाही, बदललं तर फक्त भाड्यातला फरक भरायचा. तेवढ्यात नावं, तारखा, विमानतळाचा कोड आणि बाळाची जन्मतारीख पुन्हा तपासा. नंतर रद्द केलं तरी सगळे पैसे बुडत नाहीत. रद्द करण्याचा दंड मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेहून जास्त असू शकत नाही, आणि विमानतळाची शुल्कं "नॉन-रिफंडेबल" तिकिटातही परत मिळतात. स्वस्त तिकिटात दंड जवळपास भाड्याइतकाच होतो, तरी अर्ज करा. चार तिकिटांच्या शुल्काचे पैसे थोडे नसतात.

मोबाइल क्रमांक स्वतःचा टाका, एजंटचा नाही. वेळ बदलल्याचा मेसेज त्याच क्रमांकावर येतो. कंपनीने वेळ बरीच बदलली तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो, आणि खान्देशातून जाणाऱ्याची रेल्वेही त्याला जोडलेली असते, म्हणून मेसेज आला की त्याच दिवशी निर्णय घ्या. अडीच तासांपर्यंतच्या फेरीचं विमान दोन तासांहून जास्त लेट झालं तर कंपनीने खाणं-पिणं द्यायचं असतं, सहा तासांहून जास्त लेट असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे. काउंटरवर बाळाचं वय सांगून दूध आणि गरम पाणी मागा. दाद लागली नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, तिचा क्रमांक घ्या, आणि मग केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तो क्रमांक, बोर्डिंग पास आणि बिलांचे फोटो जोडून तक्रार टाका.